मुक्या सोबत्यांचा वैद्य

घरांत माणूस आजारी पडलें म्हणजे कोणत्या डॉक्टराकडे जावयाचें, हें बहुतेक कुटुंबांत अगोदरच ठरलेलें असतें. आजोबांचा डॉक्टर कोण, मुलांचा कोण, बाळंतपणास कोठें जावयाचें, ह्यांविषयीं वडील मंडळींचीं मतें पक्कीं झालेलीं असतात. परंतु त्याच घरांत पायांपाशीं घोटाळणारें मांजर दोन दिवस अन्नास शिवलें नाहीं, किंवा कुत्र्यास रात्रीं उलट्या सुरू झाल्या, तर सर्व मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. मग कोणी एरंडेल पाजावयास सांगतो, कोणी ओवा सुचवितो, कोणी कपाटांतील तापाची गोळी अर्धी मोडून आणतो. आणि सकाळ होईपर्यंत त्या मुक्या जीवाचें जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. आमच्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं लहान पाळीव प्राण्यांसाठीं दवाखाना कसा निवडावा, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून आम्हांस विचारण्यांत येतो. ह्या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

विषय क्षुल्लक आहे असें आमच्या कांहीं वृद्ध वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्याचा व कावळ्याचा वांटा काढावयास आपल्या पूर्वजांनीं कां सांगितलें असावें? आणि बरोबर आलेल्या कुत्र्यास बाहेर टाकून स्वर्गांत पाऊल ठेवावयाचें युधिष्ठिरानें कां नाकारलें असावें? शिवाय काळही पालटला आहे. पूर्वीं कुत्रा अंगणांत असे व मांजर माळ्यावर असे. आतां दोघेंही दिवाणखान्यांत वावरतात, कित्येक घरांत तर मुलांच्या अंथरुणांत निजतात. ज्या प्राण्याच्या गळ्यांत आपलीं मुलें हात टाकतात त्याचें आरोग्य हें त्या घराचेंच आरोग्य झालें.

आपल्या देशांत पशुवैद्यक नवें नाहीं. शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यक व पालकाप्याच्या नांवावर हस्त्यायुर्वेद चालत आलेला आहे. उत्तरेकडे घोड्यांच्या वैद्यास ‘सालोतरी’ म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच निघाला. सम्राट् अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा चालू केल्याचें नमूद केलें आहे. अर्वाचीन काळीं मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ सालीं दंगा झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई प्रभृति गृहस्थांच्या पुढाकारानें पांजरपोळ निघाली. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था मुंबईंत स्थापन झाली; परळ येथील तिचें रुग्णालय दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या पत्नी साकरबाई ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें.

मात्र ह्या इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ह्या विद्येचा मुख्य विषय बहुतकरून घोडा, हत्ती, बैल व गाय हाच होता. ज्याच्यावर राजाची स्वारी निघे किंवा शेतकऱ्याचा नांगर चाले, त्याच्या दुखण्याची आधीं काळजी होई. आजही जिल्ह्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः पशुधनासाठीं आहेत, व तें योग्यच आहे. तेथील अधिकारी विद्वान् असतात, लसही मिळते, आणि खर्चही बेताचा होतो. परंतु म्हशीचें अडलेलें वासरूं सोडविणें आणि तीन किलोच्या मांजराच्या दंडाची शीर शोधणें हीं दोन निराळीं कामें आहेत. त्यांस हात निराळा लागतो आणि हत्यारेंही निराळीं लागतात. लहान प्राण्यांचे खाजगी दवाखाने गांवोगांव निघूं लागले ते अगदीं अलीकडे. त्यांतले कांहीं उत्तम असतात, कांहीं नुसतेच दिसावयास उत्तम असतात. म्हणून निवड करणें प्राप्त झालें.

निवडीचा पहिला नियम हा कीं, ती प्राणी निरोगी असतांना करावी. आग लागल्यावर विहीर खणूं नये, हें माणसांच्या बाबतींत आपण जाणतों. पिल्लूं घरीं आलें कीं पहिल्या आठवड्यांतच त्यास लसीच्या निमित्तानें दवाखान्यांत न्यावें. ती भेट पिल्लाची परीक्षा म्हणून असतेच, परंतु ती वैद्याचीही परीक्षा असते. घाबरलेल्या मनानें, रात्रीं अकरा वाजतां, रडणाऱ्या मुलांसमक्ष कोणाचीही पारख होत नाहीं. शांत सकाळीं दहा मिनिटें बसून जें दिसतें तें मात्र दिसतें.

काय पहावें? प्रथम, उपचार करणारा कोण आहे तें. आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, व त्या अन्वयें पदवीधर पशुवैद्याची नोंद राज्याच्या परिषदेंत असावी लागते. पदविकाधारक मदतनीस नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचार करूं शकतात. परंतु निदान व शस्त्रक्रिया हें त्यांचें काम नव्हे. नोंदणी क्रमांक विचारण्यांत संकोच धरूं नये. चांगल्या वैद्यास त्या प्रश्नाचा राग येत नाहीं.

दुसरें, तो प्राण्याचें वजन करतो कीं नाहीं. आमच्या मतें सर्व परीक्षांत ही परीक्षा सोपी आणि खरी आहे. साडेतीनशें किलोच्या गाईस एक मिलिलिटर औषध अधिक गेलें तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. तीन किलोच्या मांजरास तेंच प्राणावर बेततें. जेथें टेबलाजवळ लहान वजनकांटा आहे, प्रत्येक भेटींत त्यावर प्राण्यास ठेवलें जातें, आणि आंकडा लिहून घेऊन मग सुईंत औषध भरलें जातें, तेथें विचार चालूं आहे असें समजावें. जेथें नुसत्या नजरेनें ‘असेल चार-पांच किलो’ म्हणून सुई टोंचली जाते, तेथून नम्रपणें नमस्कार करून परत यावें.

तिसरें, तपासणी. ताप थर्मामीटरानें पाहिला पाहिजे. नाक गरम लागलें म्हणजे ताप आला, ही समजूत खोटी आहे. कुत्र्याचें व मांजराचें नेहमींचें तपमान सुमारें १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें, म्हणून आपल्याला जो ताप वाटेल तो त्यांचा ताप नसतो. हिरड्यांचा रंग पाहणें, पोट चांचपणें, छातीस नळी लावणें हीं कामें झाल्यावांचून जो औषध लिहितो त्याच्या हुशारीवर विसंबूं नये. आणि जें केलें तें कागदावर लिहून दिलें पाहिजे. औषधाचें नांव, मात्रा व तारीख लिहिलेला कागद हातीं नसेल, तर दुसऱ्या वैद्याकडे जाण्याचा प्रसंग आल्यास तो बिचारा अंधारांत चांचपडणार.

चौथें, लस कोठें ठेवतात तें. लस दोन ते आठ अंश सेल्सियस तपमानांत राहिली तरच तिचा गुण टिकतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि एखादी आंब्याची फांदी तारेवर पडली तर वीज तासन् तास जाते, हें रत्नागिरीकरांस सांगावयास नको. म्हणून ‘वीज गेल्यावर लसीच्या कपाटाची काय व्यवस्था?’ हा प्रश्न येथें फार महत्त्वाचा आहे. उष्णतेनें निकामी झालेली लस बाहेरून चांगल्या लसीसारखीच दिसते. टोंचून घेणारा निर्धास्त राहतो, आणि धोका मात्र जसाच्या तसा उरतो.

पांचवें, सूक्ष्मदर्शक यंत्र. आमच्या दमट हवेंत गोचीड उदंड. त्याच्या चाव्यानें कुत्र्याच्या रक्तांत बबेसिया, एर्लिकिया असे रोग शिरतात. कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्ताचा एक थेंब कांचेवर घेऊन यंत्राखालीं पाहिल्यास पुष्कळदां उलगडा होतो. ही सोय असलेला, किंवा निदान रक्त तपासणीस पाठविणारा, वैद्य निवडावा. त्याचप्रमाणें पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यांस होतो व माणसांसही होतो. त्यावरील कुत्र्यांची लस जो स्वतः होऊन सुचवील तो आपला मुलूख ओळखतो असें समजावें. फुरसें, घोणस, मण्यार व नाग ह्या चारही सापांचे विष उतरविणारें औषध तो ठेवतो कीं नाहीं, किंवा तें कोठून आणवितो, हेंही आधींच विचारून ठेवावें.

सहावें, रात्रीची सोय. बोका वारंवार लघवीस बसतो व थेंबही होत नाहीं, हें लक्षण दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. असा प्रसंग आल्यास फोन कोणास करावयाचा, हें वैद्यास पहिल्याच भेटींत विचारावें. ‘मी नसलों तर अमक्याकडे जा’ असें उत्तर मिळालें तरी पुरे. कांहींच उत्तर न मिळाल्यास दुसरा दवाखाना पहावा.

आणि शेवटची, आमच्या मतें सर्वांत मोठी परीक्षा ही कीं, ‘हें माझ्या आटोक्याबाहेरचें आहे’ असें म्हणण्याचा धीर त्याच्या अंगीं आहे कीं नाहीं. लहान गांवीं सर्व यंत्रें असूं शकत नाहींत, व तशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. आंबाघाट चढून कोल्हापूर सव्वाशें-दीडशें किलोमीटर, मुंबई त्याहून दुपटीपलीकडे. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. परळचें महाविद्यालय तर आहेच. आणि मुंबईंत महालक्ष्मी येथें टाटा न्यासांनीं केवळ लहान प्राण्यांसाठीं उभारलेलें मोठें रुग्णालय जुलै २०२४ पासून चालू झालें आहे. जो वैद्य वेळींच चिठ्ठी देऊन पुढें पाठवितो तो आपला प्राणी वांचवितो. जो चार दिवस सलाईन लावून आशेवर ठेवतो आणि पांचव्या दिवशीं हात वर करतो, त्यानें घाटापलीकडची वाटही बंद केलेली असते.

आतां कशावरून निवड करूं नये तेंही सांगतों. दुकानांत टांगलेल्या रंगीत पट्ट्यांवरून करूं नये. भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या संख्येवरून करूं नये. तारे देणाऱ्यानें केस कापून घेतले होते कीं हाड बसवून घेतलें होतें, हें तेथें कळत नाहीं. केवळ घराजवळ आहे म्हणूनही करूं नये. स्वस्ताईची गोष्ट मात्र विचारपूर्वक पहावी. कमी खर्चांत मन लावून काम करणारे वैद्य आहेत. तेव्हां फीचा आंकडा न पाहतां, शस्त्रक्रियेच्या आधीं उपाशी ठेवणें, वजन, रक्ततपासणी, भुलीच्या वेळीं शेजारीं माणूस, नंतर वेदना कमी करणारें औषध, हें सर्व त्या फींत आहे कीं नाहीं तें पहावें.

परंतु उत्तम वैद्य निवडला म्हणजे घराची जबाबदारी संपली असें नाहीं. एकत्र कुटुंबांत एक अडचण नेहमीं येते. दवाखान्यांत कर्ता पुरुष जातो. वैद्य विचारतो, ‘काल काय खाल्लें? शौचास कसें झालें? पाणी किती प्यालें?’ आणि कर्त्यास त्यांतलें कांहींच ठाऊक नसतें. ज्या सुनेनें किंवा नातीनें त्या प्राण्यास दोन्ही वेळां खाऊं घातलें तिला सर्व ठाऊक असतें, पण ती घरीं असते. म्हणून आमची सूचना अशी कीं, पैसे कर्त्यानें द्यावे. उत्तरें तिला देऊं द्यावीं. औषधही एकाच माणसानें द्यावें व दिल्याची खूण भिंतीवरील दिनदर्शिकेवर करावी. नाहींतर काकूंनीं सकाळीं दिलेली गोळी आजी दुपारीं पुन्हां देतात, आणि संध्याकाळीं मुलें प्रेमानें तिसऱ्यांदा देतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घरगुती औषधांची. आमच्या आळींतील एका सुशिक्षित घरांत मांजरास कसर वाटली म्हणून माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधांतून देण्यांत आली. देणाऱ्यांचा हेतु मायेचाच होता. परंतु मांजराच्या यकृतांत तें औषध पचविण्याची शक्ति नसते. रक्ताचा प्राणवायु वाहण्याचा गुण नष्ट होतो, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजतें, व प्राणी गुदमरून मरतो. तें मांजर दुसऱ्या दिवशीं गेलें. त्या घरांतील सात वर्षांच्या मुलीनें पुढें कित्येक दिवस कोणाच्या हातून दूध घेतलें नाहीं. तेव्हां हें सूत्रासारखें पाठ करून ठेवावें कीं, माणसाची तापाची गोळी मांजरास कधींही देऊं नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनचें औषध मांजराच्या अंगास लावूं नये. उंदरांचें विष खाल्ल्याचा संशय आल्यास त्याची पुडी किंवा वेष्टन वैद्याकडे बरोबर न्यावें. विष कोणतें हें कळल्यावर उताराही नेमका देतां येतो.

आतां त्या रोगाविषयीं, ज्याच्यामुळें हा सर्व विषय प्राण्यापुरता राहत नाहीं. सुश्रुतसंहितेंत अलर्कविषाचें वर्णन आहे, व पाण्याची भीति उत्पन्न झालेला रोगी वांचत नाहीं असा अभिप्रायही आहे. आज त्यास आपण रेबीज म्हणतों. लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर आजही खात्रीचा इलाज नाहीं. अशी स्थिति असतां लक्षणांपूर्वीं तो जवळजवळ निश्चित टाळतां येतो, हें त्या रोगाचें वैशिष्ट्य आहे. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर ह्यांनीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचविली व तो मुलगा वांचला. पाश्चर ह्यांची पुण्यतिथि २८ सप्टेंबर ही आतां जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. पाळलेल्या कुत्र्यास व मांजरासही तीन महिन्यांचें झाल्यावर ही लस द्यावी, आणि पुढें वैद्य सांगेल त्याप्रमाणें दरवर्षीं द्यावी. मांजर घराबाहेर जात नाहीं ही सबब कोंकणांतील कौलारू घरांत खरी नसते.

तरीही चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं माणसांच्या रुग्णालयांत जावें. हळद, चुना, तिखट कांहीं भरूं नये. ‘कुत्रा घरचाच आहे, दहा दिवस पाहूं’ असें म्हणून माणसाचा उपचार थांबवूं नये. कुत्र्यावर नजर ठेवावी, पण लस चालू ठेवून. लहान मूल मार बसेल ह्या भीतीनें ओरखडा लपवितें. त्यास न रागावतां विचारण्याची पद्धत घरांत असावी, कारण येथें मुलाचा जीव त्याच्या खरें बोलण्यावर अवलंबून असतो.

ससे व पक्षी ह्यांविषयीं दोन शब्द. ससा अर्धा-एक दिवस खात नसेल तर तें तांतडीचें दुखणें समजावें. शस्त्रक्रियेपूर्वीं त्यास कुत्र्यासारखें उपाशी ठेवावयाचें नसतें, आणि तोंडावाटें पेनिसिलिन त्यास घातक होतें. हें जो पशुवैद्य आपण होऊन सांगतो त्याच्याकडेच ससा न्यावा. आपला देशी पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें पिंजऱ्यांत ठेवतांच येत नाहीं. आजोबांच्या वेळीं होता, हें खरें. पण तो काळ गेला, व पोपटाच्या दृष्टीनें बरेंच झालें.

राहतां राहिला अखेरचा प्रसंग. कुत्र्याचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें. म्हणजे मूल शाळेंत जाऊं लागतांना आणलेलें पिल्लूं तें मूल कॉलेजांत असतांना म्हातारें होऊन जातें. त्या वेळीं बरें होण्याची आशा किती, यातना किती, खर्च किती, हें जो वैद्य खुर्ची ओढून घरच्या माणसांस समजावून सांगतो, आणि निर्णय करावयास त्यांस वेळ देतो, तो खरा. कांहीं न लपवितां बोलणारा वैद्य घरास पश्चात्तापापासून वांचवितो. ह्या बोलण्यांतून मुलांस वगळूं नये. मरणाचा पहिला धडा बहुतेक मुलें अशा सोबत्याकडूनच शिकतात, आणि तो खोटें सांगून शिकवूं नये.

ह्या महिन्यांत प्रत्येक घरानें एवढें करावें: जो दवाखाना मनांत असेल तेथें प्राणी निरोगी असतांना एकदां जाऊन यावें, वजन, लसीच्या तारखा, वैद्याचा दिवसाचा व रात्रीचा क्रमांक एका कागदावर लिहून देवघराच्या बाहेरील भिंतीस, घरांतील सर्वांस दिसेल असा लावावा, आणि झांकणाची एक वेताची टोपली मांजरासाठीं हाताशीं ठेवावी, म्हणजे रिक्षांतून नेतांना तें उडी मारून पळणार नाहीं. ह्या तयारीस खर्च जवळजवळ नाहीं, एक सकाळ मात्र लागते.